धरणाच्या पाण्यातले पाहुणे

गळ टाकून मासे धरणे हा आळशी माणसाचा छंद आहे, असा आपल्याकडे एक समज आहे. काठावर बसणाऱ्याच्या बाबतीत तो थोडाफार खरा असेलही. होडीतून गळ टाकणाऱ्याला मात्र तो लागू पडत नाही. काठावरचा माणूस मासा येण्याची वाट पाहतो. होडीतल्याला मासा असेल तिथे जावे लागते आणि तो कुठे असेल हे अगोदर ताडावे लागते.

माझे एक मित्र महाळुंग्याला राहतात. बालेवाडीजवळचे महाळुंगे नव्हे, चाकणच्या कारखान्यांतले. त्यांचा कारखाना डिसेंबरअखेर देखभालीसाठी आठवडाभर बंद असतो. गेल्या वर्षी ती सुट्टी आम्ही दोघांनी भामा-आसखेडच्या जलाशयावर होडीत घालवली. महाळुंग्याच्या शेजारी निघोज्याखालून इंद्रायणी वाहते, मग इतक्या लांब कशाला, असे कोणी विचारील. तर इंद्रायणीचे आजचे पाणी आळंदीला फेसाच्या रूपाने सर्वांनी पाहिलेच आहे. आणि देहूच्या डोहात मासा धरायचा नाही, हा तर जुना दंडक.

धरणात कोणीही उठून गळ टाकावा असे चालत नाही. मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेला असतो. आम्ही रीतसर परवानगी काढली आणि संस्थेच्याच एका सभासदाची होडी घेतली. होडीबरोबर ते स्वतःही आले. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. ते आम्हा दोघांनाही ‘सर’ म्हणत. मी मास्तर म्हणून आणि मित्र कारखान्यातले म्हणून.

सुमारे आठ टीएमसी पाण्याचा हा साठा वरून पाहिला तर सगळा सारखाच दिसतो. पण त्याच्या तळाशी भामा नदीचे जुने पात्र अजून तसेच आहे, दोन्ही बाजूंना बुडालेली शेते आहेत, बांध आहेत, बाभळी आहेत. मामांनी दोरीला हात हात अंतरावर गाठी मारून टोकाला दगड बांधला होता. दगड सोडीत चालले की शेताचा सपाट तळ लागतो आणि मग एकाएकी दोरी भराभर खाली जाते. ती जुन्या नदीची दरड. होडी लावायची ती तिथे, किंवा ओढा येऊन मिळतो त्याच्या मुखाशी. ओढ्याबरोबर खाणे येते आणि हवा मिसळलेले ताजे पाणीही येते.

पहाटे साडेचारला निघायचे असा माझ्या मित्राचा हट्ट होता. मामा म्हणाले, “सर, थंडीत मासाबी उशिरा उठतो.” यात विनोद कमी आणि शास्त्र अधिक आहे. माशाच्या अंगाची ऊब पाण्याच्या उबेवर अवलंबून असते. पाणी गारठले की त्याची हालचाल मंदावते, पचनही मंदावते आणि खाण्याकडे मन राहत नाही. सूर्य वर आला, उथळ पाणी जरा कोमट झाले, की दहाच्या पुढे बूच हलू लागते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही चहा घेऊनच निघू लागलो.

गळ किती खोल सोडायचा हे माशाच्या तोंडावरून ठरते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, कारण तो वरच्या थरात खातो. मृगळाचे तोंड खाली, म्हणून तो तळाशी. रोहू या दोहोंच्या मधला. एकाच पाण्यात तिघांची पंगत तीन मजल्यांवर बसते. म्हणूनच मत्स्यशेती करणारे ही तीन बिजे एकत्र सोडतात. कणकेच्या गोळीत भाजलेला शेंगदाणा कुटून घातला तर रोहू बरा येतो, असे मामांचे मत. आम्हाला त्याचा अनुभव आला.

दुसऱ्या दिवसापासून मी एका वहीत टिपणे ठेवू लागलो : कुठे, किती खोल, कोणता मासा. आठवड्याच्या अखेरीस वही चाळली तेव्हा ध्यानात आले की होडीत आलेले जवळजवळ सगळे मासे परगावचे. निम्म्याहून अधिक चिलापी. तो मूळ आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणला. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा वितेही, त्यामुळे एकदा आला की जात नाही. पाठोपाठ सिप्रिनस. त्याची आज सर्वत्र आढळणारी जात १९५७ मध्ये बँकॉकहून आली. रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे. १९५७ सालीच कटकला डॉ. हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून दाखवले, आणि पुढे ते बीज घरोघर नाही तरी धरणोधरण पोहोचले.

मग इथला मासा कोणता? खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर. कर्नल साईक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२४ पासून काही वर्षे आपल्या भागाची पाहणी करीत होता. त्याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ मध्ये लंडनला छापली. मराठी लोकांकडून ऐकलेली नावे त्याने शास्त्रीय नावांत तशीच ठेवली. खडशीला ‘खुद्री’ म्हटले, तेही पुण्याच्या मुळामुठेतल्या माशावरून. नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असलेला ‘नुक्ता’ त्याला याच आपल्या इंद्रायणीत मिळाला. नुक्ता आज संकटात सापडलेल्या जातींच्या यादीत आहे. मामांना मी त्याचे चित्र दाखवले. त्यांनी तो कधी पाहिलेला नव्हता.

माझ्या मित्राला खडशीच हवा होता. चार दिवस तो लागेना, तेव्हा त्यांनी एक तोड काढली : लोणावळ्याहून बीज आणून इथे सोडायचे. ही कल्पना नवी नाही. इंद्रायणीच्याच वरच्या अंगाला, वळवणच्या तलावाजवळ, टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकात महसीरचे बीज तयार करण्याचे काम सुरू केले. धरणांमुळे आणि सुरुंगाने केलेल्या मासेमारीमुळे हा मासा संपत चालला होता. त्याला वाचवले हे काम मोठेच. पण तिथले बीज कर्नाटकात कावेरीतही सोडले गेले. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीला वशिंडासारखा उंचवटा असलेला, पन्नास किलोवर जाणारा महसीर होता. आमचा खडशी तिथे फोफावला आणि तो घरचा मासा मागे हटत गेला. आता तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. हे उघडकीस कशावरून आले? कावेरीवर हौसेने गळ टाकणाऱ्यांनी १९९८ पासून जपलेल्या नोंदींवरून. धरायचे, मोजायचे, सोडायचे आणि लिहून ठेवायचे. संशोधकांना त्याच वह्या उपयोगी पडल्या.

मित्र म्हणाले, “पण इथला तर हा हक्काचाच मासा ना?” त्यांचे म्हणणे चूक नव्हते. मामांची अडचण निराळी होती. “सोडा की सर. पण तो वाढायला वर्षं घेतो. कटला दीड वर्षात बाजारात जातो. आमचं घर त्याच्यावर हाय.” खडशीला वाहते, स्वच्छ पाणी आणि वाळूगोट्यांचा तळ हवा, तेव्हाच तो अंडी घालतो. धरणाच्या चिखलात बीज जगेल, वाढेलही; पुढची पिढी मात्र वरच्या ओढ्यांत पाणी खेळते राहिले तरच. त्यामुळे बीज सोडण्यापेक्षा ते ओढे आधी पाहावेत, असे माझे मत पडले. मित्रांना ते पटले असे मी म्हणणार नाही.

सहाव्या दिवशी, दुपारी, ओढ्याच्या मुखाशी गांडुळाला एक खडशी लागला. वीतभर लांब, मोठे खवले, निळसर झाक असलेले पर. मित्रांनी हात आधी पाण्यात बुडवून ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गळ ओठात होता तो वळवून काढला. खोल गेला असता तर ओढायचा नाही, तंगूस जवळून कापायचा. मग मासा पाण्यातच तळहातावर धरून ठेवला. कल्ले नीट चालू लागले तसा तो आपणहून गेला. तो ओढ्यात जन्मला होता की कोणी कधी सोडलेल्या बिजातला होता, हे नुसते पाहून सांगता येत नाही. वहीत मी जागा, खोली, लांबी एवढेच लिहिले. त्या दिवशीच्या चिलापी मामांनी घरी नेल्या.