यादीत नाव नव्हते

भिवापूरची मिरची तिखट खरी. पण वसतिगृहाच्या यादीत नाव नसणे तिच्याहून झोंबते! आमच्या गोंड घरातला कॉलेजात जाणारा मी पहिलाच. नागपुरात यादीपुढे उभा राहून परतीच्या एस.टी.चे पैसे मोजू लागलो, तोच शेजारी उभा असलेला एक सीनियर म्हणाला,

"रूम नाई भेटली? मंग स्वयमचा फारम भरला का बे?"

पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना २०१६ सालची. शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांच्या बँकखात्यात जेवणाचे नि खोलीभाड्याचे पैसे थेट जमा होतात. नागपुरासाठी तेव्हा वर्षाला ६०,००० रुपये ठरले होते. माझ्या बाबांना हे कोण सांगणार?

पहिला हप्ता येईपर्यंत त्या सीनियरच्या खोलीतली निम्मी सतरंजी माझी होती.