माघारीची वाट : १९६२ ते १९८७

क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून ऑक्टोबर १९६२मध्ये उद्भवलेल्या पेचप्रसंगाची हकिगत जगाला अनेक वर्षे अशी सांगितली गेली : अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ठाम राहिले आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह नमले. ही हकिगत अर्धीच आहे, आणि म्हणूनच घातक आहे. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. क्युबावर आक्रमण न करण्याची तयारी तर होतीच. शिवाय तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काही महिन्यांत हलवू, मात्र त्याची वाच्यता नको, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. एप्रिल १९६३पर्यंत ज्युपिटरही हटली. पेच देवाणघेवाणीतून सुटला; मिरवला गेला तो मात्र एका बाजूचा विजय म्हणून.

अमेरिकेने क्युबाभोवती घातलेल्या सागरी नाकेबंदीचा धाक नसता तर मॉस्को बोलले असते का, असा आक्षेप घेतला जातो. कदाचित नसते. पण नाकेबंदीने वाटेतली जहाजे अडली. बेटावर पोचलेली क्षेपणास्त्रे तिथेच राहिली. उलट दबाव लांबला तशी सूत्रे दोन्ही राजधान्यांच्या हातून निसटू लागली. त्याच २७ तारखेला क्युबावर अमेरिकेचे यू-२ विमान पाडले गेले, तेही मॉस्कोच्या परवानगीविना. समुद्रात अमेरिकी नौदल बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीवर इशाऱ्याचे स्फोट करत होते. तिच्यावर अण्वस्त्रधारी टॉर्पेडो असल्याचे त्याला ठाऊक नव्हते. दबाव प्रतिस्पर्ध्याला थांबवू शकतो, पण मागे फिरण्याची वाट त्याला समोरच्यानेच ठेवावी लागते.

तरीही गुप्त शब्दावर जग फार काळ विसंबू शकत नव्हते. पुढची पंचवीस वर्षे ही वाट उघड आणि पक्की करण्यात गेली. १९६३मध्ये टेलिप्रिंटरची हॉटलाइन आली, त्याच वर्षी अंशतः अणुचाचणीबंदी झाली. १९८३च्या एबल आर्चर या नाटोच्या लष्करी सरावाच्या वेळचा तणाव दाखवून गेला, की एवढे पुरेसे नाही. डिसेंबर १९८७मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला, आणि त्यात एकमेकांच्या तळांवर निरीक्षक धाडण्याची सोय होती. त्यातून २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली.

हा करारही २०१९मध्ये संपला, मग कागदाला काय किंमत, असे कोणी विचारील. नष्ट झालेली क्षेपणास्त्रे हेच त्याचे उत्तर. करार मोडता येतो, पण तो पाळला गेला तेवढा काळ सुरक्षित गेला. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या न्यू स्टार्ट या अण्वस्त्रकराराची मुदतही फेब्रुवारी २०२६पर्यंतच होती. अशा वेळी ‘ठाम राहा, समोरचा नमेल’ हा १९६२चा अर्धवट धडा गिरवणे परवडणारे नाही. आपणही काही दिले, हे स्वतःच्या जनतेला उघडपणे सांगण्याचे धैर्य नेत्यांनी दाखवायला हवे.