यंत्र घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

भिलाई हे नाव उच्चारताच पोलादाचा प्रचंड कारखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. फेब्रुवारी १९५५ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. विदर्भातील वाचकांस हा परिसर परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि नागपूर हे एकाच राज्याचे भाग होते. पोलाद प्रकल्पाच्या आधाराने हथखोज आणि नंदिनी रोड परिसरात लहानमोठे कारखाने उभे राहिले. पोलादाची प्लेट, सळई किंवा नळी कापणे, हे त्यांतील पुष्कळांचे रोजचे काम आहे.

समजा, भिलाईच्या वैशाली नगर वस्तीत राहणारे एक लघुउद्योजक आमच्यासारख्या एखाद्या बँकेच्या शाखेत येतात. त्यांना संगणक-नियंत्रित प्लाझ्मा कटिंग यंत्रासाठी २५ लाख रुपयांचे मुदत कर्ज हवे आहे. कारण विचारता ते सांगतात, "शेजारच्या शेडमध्ये आले आहे, काम झपाट्याने होते." प्रकल्प अहवाल नीटनेटका आहे, तारणही आहे. परंतु त्यांच्याकडे येणारे बहुतेक काम ८० मिलीमीटर जाडीच्या प्लेटचे असेल, तर हे यंत्र बहुतांश वेळ झाकून ठेवावे लागेल. यंत्र चालो वा न चालो, हप्ता मात्र दरमहा चालू राहील. अशा वेळी उद्योजकाचे घर आणि बँकेचे कर्ज, दोन्ही धोक्यात येतात.

परिसरातील उद्योजक कापण्याची पद्धत आणि हत्यारे नेमकी कशावरून निवडतात, याची विश्वसनीय माहिती हाती असेल, तर असा निर्णय डोळसपणे घेता येईल. ही माहिती मिळविण्याचा मार्ग म्हणजे सर्वेक्षण. ते कसे आखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आधी विषयाची ओळख

ज्याला पद्धतींतील भेद ठाऊक नाहीत, त्यास प्रश्नही नीट विचारता येत नाहीत. गॅस कटिंगमध्ये पोलाद प्रथम लालबुंद तापवितात आणि नंतर शुद्ध प्राणवायूच्या झोतात ते अक्षरशः जाळून कापतात. साधनसामग्री स्वस्त असते आणि जाड प्लेट सहज कापली जाते. मात्र स्टेनलेस स्टील या रीतीने कापता येत नाही. त्यातील क्रोमियमचे ऑक्साइड सहज वितळत नाही आणि ज्वलन पुढे सरकू देत नाही. प्लाझ्मा पद्धतीने कोणताही वीजवाहक धातू वेगाने कापता येतो, परंतु लहान कारखान्यास परवडणारी यंत्रे साधारणतः ४० मिलीमीटरच्या आतील जाडीसाठीच सोयीची ठरतात. लेझर पातळ व मध्यम पत्र्यावर अत्यंत सुबक काम करतो, पण भांडवल मोठे मागतो. पाण्याच्या झोताने कापताना दाब हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट असतो. धातू तापत नसल्याने त्याचे गुणधर्म बदलत नाहीत, मात्र खर्च अधिक येतो. सळया आणि नळ्यांसाठी बँडसॉ व साधी करवत आजही उपयुक्त आहेत.

लेथ किंवा मिलिंग यंत्रावरील हत्यारांची निवड हा स्वतंत्र विषय आहे. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी २६ वर्षे प्रयोग करून १९०६ साली त्याचे निष्कर्ष मांडले. त्या काळात त्यांनी सुमारे ८ लाख पौंड लोखंड-पोलादाचा कीस केला. कापण्याचा वेग वाढला की हत्याराचे आयुष्य किती झपाट्याने घटते, याचे सूत्र त्यांनी दिले. त्या सूत्रानुसार वेग केवळ २० टक्क्यांनी वाढविला, तर कार्बाइड हत्याराचे आयुष्य सुमारे निम्म्यावर आणि हायस्पीड स्टीलच्या हत्याराचे एक-चतुर्थांशाच्याही खाली येऊ शकते. त्यामुळे "आपण कोणते हत्यार वापरता?" एवढेच विचारणे अपुरे आहे. ते कोणत्या वेगाने चालविता आणि किती नगांनंतर बदलता, हेही विचारले पाहिजे.

कोणास विचारावे?

सर्वेक्षणातील पहिली अडचण यादीची असते. देशातील वार्षिक उद्योग पाहणी प्रामुख्याने कारखाने कायद्याखाली नोंदलेल्या घटकांवर आधारलेली आहे. १९४८ च्या कायद्यात वीज वापरणाऱ्या घटकासाठी किमान १० आणि विजेविना चालणाऱ्यासाठी २० कामगार ही मर्यादा होती. २०२० च्या संहितेने ती अनुक्रमे २० आणि ४० केली. साहजिकच चार माणसांचे कटिंगचे दुकान अशा यादीत सापडत नाही. वास्तविक निवडीत चूक झाल्यास सर्वाधिक झळ त्यालाच बसते. म्हणून जिल्हा व्यापार व उद्योग केंद्राची नोंद, उद्योजक संघटनांची सभासद यादी, प्राणवायूचे सिलिंडर व हत्यारे विकणाऱ्या दुकानांकडून मिळणारी माहिती आणि प्रत्यक्ष गल्लीगल्लीत फिरून केलेली मोजणी, यांचा मेळ घालून यादी तयार करावी. केवळ बँकेच्या कर्जदारांची यादी घेतल्यास ज्यांनी यंत्र घेतलेच नाही, त्यांचे म्हणणे कधीच कळणार नाही.

यादीचे गट पाडावेत : सूक्ष्म, लघु व मध्यम, तसेच स्वतःचा माल बनविणारे आणि दुसऱ्यांचे जॉबवर्क करणारे. प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून नमुना निवडावा. किती घटक पुरेत? 'हो' किंवा 'नाही' अशा उत्तराची टक्केवारी १० अंकांच्या चुकीपर्यंत, ९५ टक्के विश्वासाने हवी असेल, तर मोठ्या समूहासाठी सुमारे ९६ घटक लागतात. एकूण कारखानेच ३०० असतील, तर ही संख्या ७३ वर येते. मात्र हा हिशेब संपूर्ण समूहासाठी आहे. प्रत्येक गटाचे स्वतंत्र चित्र हवे असल्यास नमुना वाढवावा लागेल.

एका कारखान्यात कोणाशी बोलावे, हाही प्रश्न आहे. मालक किमतीविषयी सांगतील, खरेदी पाहणारे उधारीविषयी, तर यंत्रावरील कारागीर कड कशी निघते हे सांगतील. शक्य तेथे मालक व कारागीर यांच्याशी वेगवेगळे बोलावे. दोघांच्या उत्तरांत तफावत आढळली, तर तीही मोलाची माहिती समजावी.

काय आणि कसे विचारावे?

"दर्जा आपणास महत्त्वाचा वाटतो काय?" या प्रश्नास नकार देणारा उद्योजक भेटणे कठीण. अशा प्रश्नांतून काहीही निष्पन्न होत नाही. त्याऐवजी प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीवर बोट ठेवावे : "मागील आठवड्यातील शेवटचे काम कोणते? धातू कोणता, जाडी किती, नग किती? ते कोणत्या पद्धतीने कापले? दुसरी कोणती पद्धत विचारात घेतली होती? ती का सोडली?" मतापेक्षा आठवण आणि आठवणीपेक्षा बिलबुक अधिक विश्वसनीय असते.

कारणांचे महत्त्व जाणण्यासाठी उत्तरदात्यास १०० गुण कल्पून ते भांडवल, प्रतिनग खर्च, वेग, कडेची सफाई, कुशल कारागिराची उपलब्धता, सुटे भाग व दुरुस्ती आणि वीजपुरवठा यांत वाटावयास सांगावे. एकास जास्त द्यावयाचे तर दुसऱ्याचे कमी करावे लागतात. त्यामुळे खरा कल स्पष्ट होतो. "यंत्र स्वस्त व टिकाऊ आहे काय?" असा दुहेरी प्रश्न टाळावा, कारण एकाच उत्तरात दोन गोष्टी मिसळतात.

भाषा कारखान्याची असावी. भिलाईत हिंदी व छत्तीसगढी चालते, मराठी, तेलुगू व बंगाली बोलणारेही आहेत. परंतु शेडमध्ये गेल्यावर सर्वांचे शब्द एकच : कटिंग, जॉब, टूल, बिट, ग्राइंडिंग. प्रश्नावलीत 'कर्तन-प्रक्रिया' असा शब्द आला, तर समोरची व्यक्ती संकोचून अंदाजाने उत्तर देईल. याकरिता दहा-बारा ठिकाणी प्रथम चाचणी घ्यावी आणि जेथे उत्तरदाता अडखळतो, तो प्रश्न बदलावा. भेट अर्ध्या तासात आटोपावी. मार्चअखेरची धांदल टाळावी. १७ सप्टेंबर हा विश्वकर्मा पूजेचा दिवसही टाळावा, कारण त्या दिवशी यंत्रे बंद ठेवून त्यांचे पूजन होते.

कोणी विचारावे?

येथे बँकेने विशेष दक्षता घेणे आवश्यक आहे. कर्ज मंजूर करणारा अधिकारीच प्रश्नावली घेऊन गेला, तर "यंत्र दिवसातून किती तास चालते?" यास खरे उत्तर मिळण्याची आशा अल्प. कर्जदार सर्व काही उत्तम असल्याचेच सांगेल. म्हणून मुलाखतीचे काम स्थानिक अभियांत्रिकी वा पॉलिटेक्निक विद्यार्थ्यांकडे द्यावे. उत्तरदात्याची संमती घ्यावी, नाव उत्तरांपासून वेगळे ठेवावे आणि या माहितीचा कोणाच्याही वैयक्तिक कर्जप्रकरणात उपयोग होणार नाही, असे लेखी आश्वासन द्यावे. ते तंतोतंत पाळावे. एकदा विश्वास उडाला, की पुढील सर्वेक्षणास दारे बंद होतात.

ज्यांनी उत्तर देण्यास नकार दिला, त्यांचीही संख्या व गट नोंदवावेत. केवळ भरभराटीत असलेलेच बोलले आणि अडचणीतले गप्प राहिले, तर निष्कर्ष गुलाबी परंतु फसवे निघतील.

उत्तरांचा उपयोग

अशा सर्वेक्षणातून कोणती पद्धत सर्वश्रेष्ठ, याचे उत्तर मिळणार नाही आणि ते अपेक्षितही नाही. कोणत्या जाडीस, किती नगांस आणि कोणत्या परिस्थितीत कोणती पद्धत लोक निवडतात व नंतर पस्तावतात किंवा समाधानी राहतात, हे मात्र कळेल. निष्कर्षांची सोपी प्रत सहभागी उद्योजकांना अवश्य द्यावी. त्यांनी दिलेल्या वेळेची ती किमान परतफेड आहे.

आरंभीच्या उद्योजकांकडे आता पुन्हा वळू. त्यांनी आपल्या मागील सहा महिन्यांच्या बिलांवरून प्लेटच्या जाडीचा तक्ता केला, तर अर्ध्या दिवसात त्यांचे स्वतःचे छोटे सर्वेक्षण पूर्ण होईल. बहुतांश काम ६ ते २० मिलीमीटरमध्ये असल्यास त्यांनी तो तक्ता घेऊन निःशंकपणे शाखेत यावे. अधिकाऱ्यास निर्णय देणे सुलभ होईल. काम जाड प्लेटचे असल्यास चांगला गॅस कटिंग संच आणि खेळते भांडवल यांवरच त्यांचे भागेल. मग कर्जाची रक्कम लहान होईल आणि रात्रीची झोप निर्धास्त लागेल.