संगणक मुलग्यांचाच कां?

'संगणकाचें काम मुलग्यांसच अधिक जमतें,' असें आपण पुष्कळदां ऐकतों. हा भेद निसर्गानें केला आहे कीं मनुष्यानें, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों. त्यासाठीं अमेरिकेंतील एक हकीकत बोधप्रद आहे.

इ. स. १९४६ मध्यें फिलाडेल्फिया येथें 'एनियॅक' नांवाचा अजस्र संगणक लोकांस दाखविण्यांत आला. त्याच्याकडून गणितें करवून घेण्याची जुळणी करणाऱ्या पहिल्या सहाही व्यक्ति स्त्रिया होत्या. पुढें १९८४ च्या सुमारास त्या देशांत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत शेंकडा ३७ स्त्रिया होत्या. त्यानंतर मात्र हें प्रमाण उतरत जाऊन २०१० च्या सुमारास शेंकडा १८ वर आलें. याच काळांत वैद्यक व कायदा शिकणाऱ्या मुली वाढतच होत्या. मग या एकाच विषयांत त्यांची बुद्धि कशी मंदावली?

याचें उत्तर बाजारांत सांपडतें. त्या दशकांत लहान संगणक घरोघर विकले जाऊं लागले. घरांत या यंत्राचा उपयोग काय, हें गिऱ्हाइकास पटविणें सोपें नव्हतें. म्हणून खेळाचें साधन या नात्यानेंही तें पुढें करण्यांत आलें. खेळण्यांच्या बाजारांत मुलग्यांच्या वस्तु निराळ्या व मुलींच्या निराळ्या. संगणक मुलग्यांच्या वांट्यास गेला. जाहिरातींच्या चित्रांत यंत्रापुढें बहुधा मुलगाच बसलेला असे. चित्रपटांनींही तीच री ओढली. १९८३ सालच्या 'वॉरगेम्स' या चित्रपटांत संगणक चालवितो तो मुलगा. मुलगी त्याची करामत पाहते.

याचा परिणाम घरांत झाला. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांत जेन मार्गोलिस व ॲलन फिशर यांनीं विद्यार्थ्यांची चौकशी केली, तेव्हां घरचा संगणक पुष्कळदां मुलाच्याच खोलींत ठेवलेला असे, असें दिसून आलें. असा मुलगा कित्येक वर्षांचा सराव घेऊन वर्गांत येई, आणि तो सराव उपजत बुद्धि म्हणून गणला जाई. शेजारची मुलगी मात्र 'हें आपलें क्षेत्र नव्हे,' असें समजून मागें सरे. मुलग्यानें ही सवलत मागितली नव्हती. म्हणूनच ती सवलत आहे, हें त्याच्या ध्यानींही येत नसे.

तेथील चालकांनीं मग प्रवेशाच्या वेळीं पूर्वसरावास दिलें जाणारें महत्त्व काढून टाकलें व नवशिक्यांसाठीं निराळे वर्ग उघडले. १९९५ सालीं संगणकशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांत मुली शेंकडा ७ होत्या, त्या २००० सालीं ४२ झाल्या. पांच वर्षांत बुद्धि बदलत नाहीं. संधि बदलतां येते.

विद्यार्थिमित्रांनो, जाहिरातींत कोणास कोठें बसविलें आहे, इकडे यापुढें लक्ष द्या. आणि पालकांस आमची विनंति एवढीच, कीं घरांतील यंत्र कोणाच्या हातीं अधिक वेळ असतें, व तेवढ्या वेळांत बहीण कोणतें काम करीत असते, हें एकदां पाहावें.