महाबळेश्वरचें रान आणि हवापालट

उन्हाळ्याची रजा लागली कीं मुंबई-पुण्याकडील शेंकडों कुटुंबें वाईवरून पसरणीचा घाट चढून पांचगणी-महाबळेश्वरास हवापालटासाठीं जातात. वाटेंत वाईस थांबावें, कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचें दर्शन घ्यावें व पुढें निघावें, हा पुष्कळांचा परिपाठ असतो. परंतु ही कृष्णा वरच्या ज्या रानांत जन्म पावते, तें रान कोणीं व कशासाठीं राखलें, याचा विचार प्रवासी क्वचितच करतो.

महाबळेश्वरचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंच आहे. तेथें वर्षाकाठीं सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेस पांचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, तर घाटाखालीं वाईस त्याहूनहि पुष्कळ कमी. म्हणजे वाईच्या नदीची भिस्त वाईच्या आभाळावर नाहीं, तर वरच्या पठारावर आहे. या पठारावर जांभ्या दगडाचा थर असून वरील माती पातळ आहे. त्यामुळें जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा हीं झाडें तेथें वाऱ्याशीं झुंजत ठेंगणीच राहतात. मात्र त्यांची सावली व पालापाचोळा यांमुळें पावसाचें पाणी एकदम वाहून न जातां सच्छिद्र जांभ्यांत मुरतें आणि पुढें झऱ्यांवाटे सावकाश बाहेर पडतें. झाड गेलें कीं माती जाते, आणि माती गेली कीं उन्हाळ्यांत झरा आटतो.

क्षेत्र महाबळेश्वरीं कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री यांचें उगमस्थान मानून यात्रेकरू फार पूर्वींपासून येत आले आहेत. ‘हवेचें ठिकाण’ ही कीर्ति मात्र अलीकडची. साताऱ्याच्या छावणींतील लॉडविक हा लष्करी अधिकारी १८२४ सालीं येथें चढून आला. १८२८ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं ही जागा पसंत केली. पुढील वर्षीं झालेल्या करारानें छत्रपति प्रतापसिंह महाराजांनीं हा प्रदेश कंपनी सरकारास दिला व मोबदल्यांत वाईकडील खंडाळा हा गांव घेतला. नव्या वसाहतीला माल्कमपेठ हें नांव मिळालें. येथें आणून ठेविलेल्या चिनी कैद्यांनीं रस्ते बांधले व बटाटे पिकविले. त्यांचा तुरुंग १८६४ सालीं मोडला. वेण्णा तळें १८४२ सालीं साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज यांनीं बांधविलें.

गोऱ्या अधिकाऱ्यांस थंडावा, सावली व रपेटीच्या वाटा हव्या होत्या. म्हणून रानाची निगा होऊं लागली. पुढें १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव जंगलाची पद्धति पक्की झाली. रान वांचलें खरें. पण त्याची किंमत सर्वांनीं सारखी भरली नाहीं. येथील धावड लोक डोंगरांतील दगड भट्टींत वितळवून लोखंड काढीत. भट्टीस कोळसा लागे आणि कोळशास लांकूड. जंगलावर बंधनें येतांच कोळसा महागला आणि त्यांचा धंदा बुडाला. पाहुण्यांच्या सुखासाठीं राखलेल्या सावलीखालीं अशा रीतीनें कित्येकांच्या चुली थंडावल्या, हेंहि या इतिहासाचें एक पान आहे.

आज प्रश्न उलटा झाला आहे. ज्या हवापालटासाठीं रान राखलें, त्याच हवापालटाच्या गर्दीचा भार त्यावर पडत आहे. जानेवारी २००१ मध्यें केंद्र सरकारनें महाबळेश्वर-पांचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला व तेथील बांधकामास आणि वृक्षतोडीस मर्यादा घातल्या. तथापि कायदा प्रत्येक पाऊलवाटेवर पहारा ठेवूं शकत नाहीं.

म्हणून पाहुण्यानेंहि कांहीं पथ्य पाळावें. लॉडविक पॉइंटास जातांना मोटार दूर ठेवून पायीं जावें. शेकरूची उडी व जांभळीच्या फांद्यांची गुंफण चालणाऱ्यासच दिसते. कारवी सात-आठ वर्षांनीं एकदां फुलते, तेव्हां ती तोडूं नये. मधमाशांना तोच मोठा सुकाळ असतो. झऱ्याकांठीं कचरा टाकूं नये व चुली पेटवूं नयेत. मध विकत घ्यावयाचा तो स्थानिक मधपाळांकडून घ्यावा, म्हणजे रान टिकण्यांत तेथील माणसाचाहि लाभ राहील. परततांना वाईस कृष्णेचें पाणी ओंजळींत घेणाऱ्यास तें कोठून आलें हें ठाऊक असेल, तर त्याची सहल सार्थकीं लागली असें म्हणतां येईल.