चालावं कुणी, थांबावं कुणी

बेळगावच्या कॅम्पातले रस्ते भल्या सकाळी चालणाऱ्यांचे असतात. मिलिटरी महादेवाच्या वाटेनं, जुन्या झाडांखालून निवृत्त जवान ताठ पावलं टाकत जातात. त्यांच्या मागं एखादी सातवा महिना लागलेली सून आणि सोबत सासू. सासूचं एकच पालुपद, "हळू गं, हळू." घरी गेल्यावर तीच सांगते, "फरशी उकिडवं बसून पूस, सुटका सोपी होते."

फरशी पुसल्यानं सुटका सोपी होते, याला मला कुठं आधार सापडलेला नाही. 'हळू' मात्र समजून घ्यायला हवं. गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, हृदय बसल्याजागीही भरभर चालतं. म्हणून नाडी मोजून वेग ठरवणं फसवं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं 1985 मध्ये नाडी 140 च्या वर जाऊ देऊ नका, असं सांगितलं होतं. 1994 मध्ये ती अट काढून टाकली. आताची कसोटी सासूला आवडेल अशी आहे: चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये. सुनेला धापा न टाकता सासूला उत्तर देता आलं की वेग बरोबर.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला आहे आठवड्याला 150 मिनिटं असा व्यायाम, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. गरोदरपणातली साखर आणि वाजवीपेक्षा वाढणारं वजन त्यानं आवरतं. सगळं सुरळीत असेल तर अशा चालण्यानं बाळ लवकर येत नाही की लहानही राहत नाही.

पण हे कुणासाठी? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून गर्भवतींचा एक मोठा अभ्यास झाला. संशोधकांनी बायकांची घरातली आणि शेतातली कामं मोजली. 2003 मध्ये निष्कर्ष छापून आला: ज्यांच्या वाट्याला जास्त कष्ट, त्यांच्या बाळांचं वजन कमी, डोक्याचा घेरही लहान. दिवसभर भांगलण करून वर पाण्याच्या घागरी वाहणाऱ्या बाईला 'रोज चाला' सांगणं म्हणजे थट्टाच. तिला हवी विश्रांती आणि पोटभर जेवण.

निपाणीची विडी वळणारी बाई या दोघींपेक्षा वेगळी. मांडीवर सूप, मान खाली, मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. बोटं थांबत नाहीत, पाय मात्र तासन् तास हलत नाहीत. तिनं तासातासाला उठून अंगणात चार फेऱ्या माराव्यात. पोटात बाळ असताना तंबाखूपासून लांब राहता आलं तर सर्वांत उत्तम. निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. पण ते तिच्या एकटीच्या हातात नाही, हेही खरं.

पाचव्या महिन्यानंतर उताणं पडून करायचे व्यायाम सोडावेत. गर्भाशयाचा भार हृदयाकडं रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि घेरी येते. श्वास कोंडून धरणारी आसनंही नकोत. सांधे सैल झालेले असतात, पोट पुढं आल्यानं तोल बदलतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर गुळगुळीत चपला घात करतात. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, छातीत दुखलं, चक्कर आली, एका पोटरीला सूज येऊन ठणका लागला किंवा पोटात थांबून-थांबून कळा येऊ लागल्या, तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, पिशवीला टाका घातला असेल, बीपी चढलेलं असेल किंवा रक्त फारच कमी असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टर सांगतील तेवढंच करावं. रक्ताची गोष्ट हलकी घेऊ नका. आपल्या देशात निम्म्याहून अधिक गर्भवतींना पंडुरोग आहे.

पुढच्या तपासणीला तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, डॉक्टरांपुढं ठेवा आणि विचारा: वार कुठं आहे, बीपी किती, रक्त किती? त्यांनी मान डोलावली की चपला घरी ठेवा, बूट घाला आणि सासूबाईंनाही सोबत घ्या.