लहान आकाराच्या संगणकासाठी मदरबोर्डाची निवड

भाषाविषयक संशोधनात संगणक हे आता लेखणीइतकेच नित्याचे साधन झाले आहे. क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणे जतन करणे, त्यांचे लेखन करणे, स्वरांच्या कंपनांचे विश्लेषण करणे ही कामे ज्या खोलीत चालतात ती बहुधा लहान असते आणि तेथे शांतता आवश्यक असते. अशा खोलीसाठी सुटे भाग जुळवून लहानसा संगणक बांधणे हा एक सयुक्तिक मार्ग होय. त्यात सर्व भाग ज्या फलकावर बसवावयाचे तो मदरबोर्ड कोणत्या कसोट्यांवर निवडावा, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम मापांचा विचार करू. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप रूढ केले; त्याचा पूर्ण आकार ३०५ × २४४ मिलिमीटर आहे. १९९७ मध्ये २४४ × २४४ मिलिमीटरचे मायक्रो-एटीएक्स आले. त्यानंतर २००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने १७० × १७० मिलिमीटरचे मिनी-आयटीएक्स हे माप पुढे आणले, आणि लहान संगणकांच्या बांधणीत आज तेच प्रमाणभूत मानले जाते. त्याचे क्षेत्रफळ पूर्ण एटीएक्सच्या सुमारे ३९ टक्के भरते. ह्या बोर्डाची स्क्रूंची चार छिद्रे एटीएक्सच्या छिद्रांशी जुळतात; म्हणून लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसू शकतो. ह्याच्या उलट अर्थातच घडत नाही.

आता प्रश्न असा की, वाचलेली ही जागा कोणत्या गोष्टीचा त्याग करून मिळते? मायक्रो-एटीएक्स बोर्डावर जास्तीत जास्त चार विस्तार-स्लॉट आणि बहुधा रॅमच्या चार जागा असतात. मिनी-आयटीएक्सवर विस्तार-स्लॉट एकच, आणि रॅमच्या जागा सामान्यतः दोनच. मोठ्या बोर्डाच्या निवडीत राहिलेली उणीव पुढे एखादे कार्ड बसवून भरून काढता येते. लहान बोर्डाच्या बाबतीत ती बहुतांशी कायम राहते. ज्या भाषेत स्वनिम मोजके असतात तेथे प्रत्येक स्वनिमावर अर्थभेदाचा भार अधिक पडतो, तद्वत येथे प्रत्येक स्लॉटवर भार अधिक पडतो. म्हणून बोर्ड पाहण्यापूर्वी कामांची यादी करावी, आणि जे पुढे जोडता येणार नाही ते बोर्डावर प्रारंभापासूनच आहे की नाही, हे तपासावे. हे ह्या निवडीचे मुख्य सूत्र होय.

पहिली कसोटी सॉकेटची. प्रोसेसर व बोर्ड ह्यांचे सॉकेट एकच असावे लागते, आणि सॉकेटावरून पुढील सुधारणेची मर्यादा ठरते. एएमडीचे एएम५ हे सॉकेट २०२२ मध्ये आले. त्यावर केवळ डीडीआर५ रॅम चालते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटाचे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, तर काही डीडीआर५. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. शिवाय प्रोसेसर बोर्डाहून नवा असेल, तर बोर्डाचे बायॉस अद्ययावत केल्यावाचून तो ओळखला जात नाही. प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायॉस बदलण्याचे बटण ज्या बोर्डावर आहे, तो ह्या दृष्टीने अधिक निर्धोक. रॅमच्या जागा दोनच असल्याने समान क्षमतेच्या दोन पट्ट्या आरंभीच पुरेशा मोठ्या घ्याव्यात. अन्यथा पुढे जुन्या पट्ट्या काढूनच नव्या बसवाव्या लागतात.

दुसरी कसोटी साठवणीची. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि दोन वाहिन्या अशा स्वरूपाचे असंकुचित ध्वनिमुद्रण तासाला सुमारे १.०४ गिगाबाइट जागा घेते. म्हणजे हजार तासांच्या संग्रहाला एक टेराबाइटहून थोडी अधिक जागा लागते. त्याची दुसरी प्रत त्याच यंत्रात ठेवावयाची, तर निदान दोन डिस्क हव्यात. म्हणून बोर्डावर एम.२ च्या जागा किती व साटा जोडण्या किती, हे मोजून घ्यावे. लहान बोर्डांवर एम.२ ची दुसरी जागा पुष्कळदा मागील बाजूस असते. तेथील डिस्क बदलताना बोर्ड सोडवावा लागण्याचा संभव असतो. एक प्रत यंत्राबाहेर ठेवणे आवश्यक आहे, हे सांगणे नको.

तिसरी कसोटी एकमेव विस्तार-स्लॉटाची. ध्वनीचे आपोआप लेखन करणाऱ्या प्रणाली वेगाने चालवावयाच्या असल्यास तो ग्राफिक कार्डाला द्यावा लागेल. मग मुद्रणाचे उपकरण यूएसबीवरच जोडले पाहिजे, आणि यूएसबीची दारे तेवढी हवीत. ग्राफिक कार्ड घ्यावयाचे नसेल, तर प्रोसेसरमध्येच चित्रदर्शनाची सोय असावी लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते त्यांत ती नसते. अशा वेळी बोर्डावरील एचडीएमआयचे दार निरुपयोगी ठरते.

चौथी कसोटी उष्णता व आवाज ह्यांची. प्रोसेसरला लागणारा विद्युद्दाब नियमित करणारा भाग लहान बोर्डावर दाटीवाटीने बसविलेला असतो. त्यावर धातूचे उष्णताशोषक आवरण आहे का, हे पाहावे. काही बोर्डांवर ह्याच कामी इवलासा पंखा असतो. त्याची बारीक किरकिर श्रवणाच्या कामात व्यत्यय आणते. सुमारे ६५ वॅटचा प्रोसेसर निवडल्यास असा पंखा टाळणे सुकर होते. प्रोसेसरवरील कूलरची उंची आणि एसएमपीएसचे माप ही दोन्ही मात्र कॅबिनेट ठरविते. लहान कॅबिनेटमध्ये बहुधा १२५ × १०० × ६३.५ मिलिमीटरचा एसएफएक्स प्रकार लागतो. यास्तव कॅबिनेट आणि बोर्ड ह्यांचा विचार एकत्रच करावा.

सारांश, एक कार्ड, दोन रॅम व दोन-तीन डिस्क एवढ्यावर काम निभणार असेल, तर मिनी-आयटीएक्स हा योग्य पर्याय होय. दुसऱ्या कार्डाची गरज पुढे भासेल अशी शक्यता दिसत असेल, तर थोडी अधिक जागा देऊन मायक्रो-एटीएक्स घेणे शहाणपणाचे. त्यात निवडही विपुल असते. संशोधनासाठी मिळणारा निधी वारंवार मिळत नाही, आणि एखाद्या वयोवृद्ध निवेदकाचे बोल एकदा गमावले की पुन्हा मिळतीलच असे नाही. ज्या यंत्रावर ते सोपवावयाचे, त्याचा पाया आकाराच्या आकर्षणाने नव्हे, तर कामाच्या हिशेबाने निवडला पाहिजे.